जोडकार्ब्युरेटरचा मेळ घरच्या घरी कसा साधावा: एमजीबीवरील एस.यू. एचएस४

इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी या दोन आसनी गाडीचे उत्पादन झाले. पहिल्या दशकातल्या बहुतेक गाड्यांवर दोन एस.यू. एचएस४ कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी यंत्रे) शेजारी शेजारी बसवलेले असतात. जुनी गाडी घेऊन ती स्वतः सांभाळू पाहणाऱ्या नवख्या माणसाने शिकण्यासाठी याहून चांगली जोडी नाही, कारण तिचे सर्व भाग डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात आणि आजही नवे मिळतात. मराठी वाचकाला हे इंजिन अगदीच परके वाटू नये. आपल्या अँबॅसेडरचे १४८९ सी.सी.चे इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सी.सी.चे इंजिन ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच ‘बी’ मालिकेतली भावंडे आहेत. खाली दिलेला क्रम मी इंग्लंडमध्ये माझ्या १९६६ च्या एमजीबीवर अनेकदा वापरला आहे. थोड्याफार फरकाने तो जोडीने बसवलेल्या कोणत्याही एचएस प्रकारच्या एस.यू.ला लागू पडतो.

आत काय चालते

हात लावण्यापूर्वी एस.यू.चे तत्त्व समजून घ्यावे, म्हणजे पुढची प्रत्येक कृती आपोआप अर्थपूर्ण होते. वरच्या घुमटाकार डब्यात एक पिस्टन असतो आणि त्याच्या तळाला निमुळती होत जाणारी पितळी निडल (सुई) बसवलेली असते. ही निडल खालच्या जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या नळीच्या) भोकात उतरलेली असते. तुम्ही रेस दिली की इंजिन जास्त हवा ओढते, डब्यातला दाब कमी होतो, पिस्टन वर उचलला जातो, त्याच्याबरोबर निडलही वर येते, आणि निडलचा बारीक भाग जेटमध्ये आल्यामुळे पेट्रोलला जास्त वाट मिळते. थोडक्यात, हवेची वाट आणि पेट्रोलची वाट एकाच हालचालीने कमी-जास्त होते. एस.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. हे कार्ब्युरेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार करणारे स्किनर बंधू पादत्राणांच्या व्यवसायातल्या घराण्यातले होते आणि त्यांच्या पहिल्या रचनेत पिस्टनऐवजी चक्क चामड्याचा भाता होता. पिस्टन हा त्याच भात्याचा वारस आहे, हे लक्षात ठेवले की या यंत्राचा ‘श्वास’ समजायला सोपे जाते.

एमजीबीत पुढचा कार्ब्युरेटर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरला, तर मागचा तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरला मिश्रण पुरवतो, आणि मॅनिफोल्डमधील (मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जोडातील) एक आडवी नळी दोन्ही बाजूंना जोडते. दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा घेत नसतील, तर इंजिनाचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याला ओढत राहतो. मेळ साधणे म्हणजे प्रथम हवा सारखी करणे आणि मग पेट्रोल बेताचे करणे. हा क्रम उलटा केला, तर दिवस संपतो पण काम संपत नाही.

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी

कार्ब्युरेटर हे काम सर्वांत शेवटी करायचे असते. ही गोष्ट प्रत्येक नवख्याने मनावर घ्यावी अशी मी कळकळीने विनंती करतो, कारण झिजलेले पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे संपर्क), चुकलेले टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किंवा घट्ट झालेला टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) यांचा दोष बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर येतो आणि चांगला लागलेला स्क्रू उगाच हलवला जातो.

प्रथम इंजिन थंड असताना टॅपेटचे अंतर फिलर गेजने ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी करावे. यासाठी नऊचा नियम सोपा आहे. पुढून मोजल्यास ज्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल, तो क्रमांक नऊमधून वजा करावा आणि जो आकडा येईल त्या व्हॉल्व्हचे अंतर तपासावे. पहिला उघडा असेल तर आठवा, तिसरा उघडा असेल तर सहावा, याप्रमाणे. त्यानंतर पॉइंटची फट ०.०१५ इंच आणि प्लगची फट ०.०२५ इंच ठेवावी, प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने आहेत याची खात्री करावी, आणि टायमिंग लावावे. माझ्या गाडीसारख्या उच्च कॉम्प्रेशनच्या सुरुवातीच्या इंजिनांना व्हॅक्युमची नळी काढून मिनिटाला ६०० फेऱ्यांना १४ अंश आगाऊ टायमिंग सांगितलेले आहे. तुमच्या इंजिनाच्या क्रमांकाप्रमाणे आकडा पुस्तिकेतून घ्यावा. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते आणि सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे असतात. त्यामुळे टायमिंग लाइटच्या वायरी तिथवर पोहोचत नाहीत आणि उलटी जोडणी होण्याचीही भीती असते. बारा व्होल्टची एक वेगळी बॅटरी इंजिनाजवळ ठेवून लाइट तिच्यावर चालवला की दोन्ही अडचणी मिटतात.

एवढे झाल्यावर हवेच्या चोरट्या वाटा शोधाव्यात. मागच्या कार्ब्युरेटरचा जेटनट (जेट वर-खाली करणारा नट) कितीही खाली-वर केला तरी इंजिनात काहीच फरक पडत नाही, असा अनुभव मी सलग दोन रविवार घेतला. शेवटी रबरी नळीचे टोक सांध्यांजवळून फिरवत ऐकत गेलो, तेव्हा कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या काळ्या ठोकळ्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक शिट्टी ऐकू आली. तिथला कागदी गॅस्केट फाटलेला होता. गॅस्केट बदलल्यावर वीस मिनिटांत मेळ बसला. म्हणून प्रत्येक सांधा, व्हॅक्युमच्या नळीचे प्रत्येक टोक आणि थ्रॉटलच्या (हवा अडवणाऱ्या झडपेच्या) दांड्याचे दोन्ही कडचे बूड तपासावे. दांडा बोटांनी वर-खाली हलवून पाहावा. तो लक्षात येण्याइतका खुळखुळत असेल तर त्या झिजेतून हवा आत जाते, आणि नवा दांडा व बुश घातल्याशिवाय गाडी मंद गतीवर कधीही स्थिर चालणार नाही.

सुरक्षिततेबद्दल दोनच गोष्टी सांगतो, पण त्या टाळू नयेत. चालत्या इंजिनाचा धूर बंद जागेत जीव घेतो, म्हणून गाडी उघड्यावर उभी करावी किंवा निदान तिचे तोंड आत आणि सायलेन्सर बाहेर असे ठेवावे. पेट्रोलसाठी योग्य असे अग्निशामक नळकांडे हाताच्या अंतरावर असावे, आणि पेट्रोलने भिजलेली चिंधी कधीही गरम एक्झॉस्टजवळ राहू देऊ नये. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकमेकांना खेटून असतात.

पिस्टनचा ‘टक्क’

एअर फिल्टरचे दोन्ही डबे काढून ठेवावेत. आता वरच्या घुमटाचे तीन स्क्रू सोडवण्यापूर्वी घुमट आणि खालचे अंग यांच्यावर पेन्सिलीने एक जोडखूण करावी. घुमट आणि त्यातला पिस्टन ही जुळवून घासलेली जोडी असते. पुढच्या कार्ब्युरेटरचा पिस्टन मागच्या घुमटात घालणे ही नवख्यांकडून होणारी सर्वांत महाग चूक आहे, म्हणून एका वेळी एकच कार्ब्युरेटर उघडावा. पिस्टन सरळ वर उचलावा, निडल वाकणार नाही याची काळजी घ्यावी, आणि दोन्ही भाग स्वच्छ पेट्रोलात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसावेत. पॉलिश पेपर तिथे कधीही लावू नये. निडलचा खांदा पिस्टनच्या तळाशी बरोबर सपाटीत असला पाहिजे. पिस्टनच्या वरच्या दांड्यावर तेलाचा एक थेंब पुरतो. पिस्टनचा घेर आणि घुमटाचा आतला भाग कोरडेच ठेवावेत.

जोडणी झाल्यावर पिस्टन बोटाने पूर्ण वर उचलून सोडावा. तो अडखळत न येता सरळ खाली आला पाहिजे आणि तळाला टेकताना ‘टक्क’ असा स्वच्छ, कोरडा आवाज आला पाहिजे. आता जेट चोकच्या कांडीने पूर्ण खाली ओढून हाच प्रयोग पुन्हा करावा. दोन्ही वेळचा आवाज सारखा असेल तर निडल जेटच्या मधोमध आहे. जेट खाली असताना आवाज जास्त खणखणीत आणि जेट वर असताना दबका येत असेल, तर निडल जेटच्या एका बाजूला घासते आहे. तेव्हा चोकची कांडी सोडून जेटनटची स्प्रिंग काढावी, नट पूर्ण वर चढवावा, त्याच्या वरचा मोठा लॉकनट किंचित सैल करावा, घुमटाच्या माथ्यावरील डँपरच्या (पिस्टनची उडी संथ करणाऱ्या भागाच्या) भोकातून पेन्सिलीने पिस्टन हळूच खाली दाबून धरावा, म्हणजे जेट स्वतःच मध्यावर येतो, आणि त्या स्थितीत लॉकनट घट्ट करावा. दोन-तीन प्रयत्न लागतात. उत्तरार्धातल्या काही एस.यू.मध्ये निडल स्प्रिंगच्या जोरावर मुद्दाम एका बाजूला टेकवलेली असते. त्यांना हे मध्यावर आणण्याचे काम लागत नाही.

फ्लोटच्या डब्याचे झाकणही याच वेळी उघडून तळाचा गाळ काढून टाकावा. झाकण उलटे धरल्यावर नायलॉनचा फ्लोट आणि झाकणाची कड यांच्यात साधारण तीन ते पाच मिमी अंतर असावे. दोन्ही डब्यांतले अंतर एकसारखे असणे इथे विशेष महत्त्वाचे आहे, कारण पेट्रोलची पातळी वेगळी असेल तर दोन्ही जेट सारखे असूनही मिश्रण वेगळे होते.

सुरुवातीची बैठक

जेटनट वर चढवला की जेट वर जातो आणि मिश्रण कमजोर (पेट्रोल कमी) होते. नट खाली उतरवला की जेट खाली येतो आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होते. नटाला सहा बाजू असतात आणि सगळे मोजमाप या बाजूंतच करावे. दोन्ही कार्ब्युरेटरचे पिस्टन वर उचलून आत पाहावे आणि जेटचे तोंड भोवतालच्या पुलाशी (हवेच्या वाटेतल्या उंचवट्याशी) अगदी सपाट येईल तोपर्यंत नट वर न्यावा. मग दोन्ही नट बरोबर बारा बाजू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली आणावेत. इंजिन निदान सुरू होईल अशी ही बैठक आहे.

दोन कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलना जोडणाऱ्या दांड्यावरचे क्लँप सैल करावेत, म्हणजे प्रत्येक थ्रॉटल स्वतंत्र होईल. चोकच्या जलद गतीचे स्क्रू त्यांच्या कॅमपासून पूर्ण दूर आहेत ना, हे पाहावे. मग दोन्ही आयडल (मंद गतीचे) स्क्रू मागे घेऊन, थ्रॉटल पूर्ण बंद झाल्यावर ते नुसते टेकतील इथपर्यंत आणावेत, आणि तिथून दोन्ही एक ते दीड फेरा आत फिरवावेत. डँपरची टोपी काढून त्यात २० ग्रेडचे तेल भरावे. टोपी परत घालताना तिचा आटा पकडण्याच्या सुमारे सहा मिमी आधी हाताला अडथळा जाणवला, तर तेल बरोबर आहे. हे तेल वंगणासाठी नसते. एकदम रेस दिल्यावर पिस्टन झटकन उडू नये आणि त्या क्षणी मिश्रण थोडे रिच राहावे, हे त्याचे काम आहे. म्हणून पिकअप घेताना गाडी अडखळू लागली की प्रथम हे तेल पाहावे.

हवा सारखी करणे

इंजिन खऱ्या अर्थाने गरम हवे. जागेवर दहा मिनिटे चालवण्यापेक्षा गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी. परत आल्यावर दोन्ही आयडल स्क्रू सारख्याच मापाने फिरवून गती ८०० फेऱ्यांच्या आसपास आणावी.

हवेचा प्रवाह मोजण्याचे मापक बाजारात मिळते आणि ते चांगले काम करते, पण पहिल्या वेळी मी साधी रबरी नळीच सुचवेन. सुमारे साठ सेंटिमीटर लांबीची, करंगळी जेमतेम शिरेल अशी नळी घ्यावी. एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या कडेला, आत सुमारे एक सेंटिमीटर धरावे. एक सलग ‘सूऽऽ’ असा आवाज येतो. आता तेच टोक मागच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाला अगदी त्याच जागी, तेवढेच आत धरावे. जागा बदलली की आवाज बदलतो, म्हणून कडेवर खडूची खूण करून ठेवणे उत्तम. ज्या बाजूचा आवाज मोठा, ती बाजू जास्त हवा घेते आहे. तिचा आयडल स्क्रू किंचित मागे घ्यावा आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच आत फिरवावा. कान तयार व्हायला पाच-सहा फेऱ्या लागतात. एकदा तयार झाला की स्क्रूच्या अष्टमांश फेऱ्याचा फरकही ओळखू येतो. मानेचा स्कार्फ, सैल बाही आणि लांब केस पंख्यापासून दूर ठेवावेत.

तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ इंजिन मंद गतीवर राहिले की आत पेट्रोल साचू लागते आणि ऐकलेले सगळे फसवे ठरते. म्हणून दर तीन मिनिटांनी अर्धा मिनिट २५०० फेऱ्यांवर चालवून ते मोकळे करावे आणि मगच पुढचा निर्णय घ्यावा.

पेट्रोल बेताचे करणे

प्रत्येक एचएस४ च्या अंगाच्या खालच्या बाजूला पिस्टन उचलणारी एक बारीक पिन असते. ती वर दाबताना आधी थोडी मोकळी जाते आणि मग तिला पिस्टनचे वजन लागते. तिथून पुढे फक्त पाऊण ते एक मिमी उचलायचे आहे, आणि या एवढ्याशा उचलण्यातच मिश्रणाची सगळी परीक्षा आहे. पुढच्या कार्ब्युरेटरची पिन उचलल्यावर इंजिनाची गती वाढून वाढलेलीच राहिली, तर मिश्रण रिच आहे; नट एक बाजू वर न्यावा. गती लगेच पडली किंवा इंजिन बंद पडू लागले, तर मिश्रण कमजोर आहे. नट एक बाजू खाली आणावा. गती क्षणभर किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झाली, तर मिश्रण बरोबर आहे. नट फिरवल्यावर प्रत्येक वेळी जेट बोटाने वर दाबून नटाला टेकवावा, नाहीतर जेट खालीच अडकून राहतो आणि आपण चुकीच्या दिशेने जात राहतो.

पुढचा झाला की मागचा पाहावा, आणि मागचा झाला की पुन्हा पुढचा, कारण जोडनळीमुळे एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतोच. एका वेळी एकच नट आणि एकच बाजू फिरवावी, आणि प्रत्येक बदल कागदावर लिहून ठेवावा. सायलेन्सरचा आवाजही मदतीला असतो. मिश्रण कमजोर असेल तर इंजिन अनियमितपणे, फुसफुसत मिस करते आणि धुराला रंग नसतो. रिच असेल तर मिसिंग ठरावीक तालात येते आणि धूर काळपट होतो. मिश्रण सुधारले की गती वाढते. तेव्हा दोन्ही आयडल स्क्रू सारखेच मागे घेऊन गती ७०० ते ८०० फेऱ्यांवर आणावी आणि रबरी नळीने हवा पुन्हा तपासावी.

शेवटी दोन्ही नट साधारण सारख्याच उंचीवर असले पाहिजेत. एक नऊ बाजूंवर आणि दुसरा सोळा बाजूंवर बरोबर वाटत असेल, तर तिथे थांबून हवेची गळती, फ्लोटची पातळी किंवा वेगळ्या क्रमांकाची निडल यांचा शोध घ्यावा. दोन्ही निडलच्या मुळावर कोरलेली खूण एकच हवी.

सांधे बांधणे

इंजिन बंद करून जोडदांड्याचे क्लँप घट्ट करावेत. प्रत्येक पिन तिच्या बेचक्यात अगदी किंचित मोकळी राहिली पाहिजे, म्हणजे पेडल सोडल्यावर दोन्ही थ्रॉटल आपापल्या आयडल स्क्रूवर पूर्ण टेकतील. त्याचबरोबर पेडल दाबताच दोन्ही एकाच क्षणी उघडले पाहिजेत. इथे जराही घाई करू नये. मंद गतीवर उत्तम चालणारी गाडी रस्त्यावर पाय ठेवताच हिसके देते, तिचे कारण बहुधा हाच सांधा असतो. इंजिन चालू करून १५०० फेऱ्यांवर नळीने दोन्ही बाजू पुन्हा ऐकाव्यात.

आता चोकची मूठ जेट हलायला लागण्याच्या अगदी आधीपर्यंत ओढून ठेवावी आणि जलद गतीचे दोन्ही स्क्रू, हवा सारखी ठेवत, सुमारे १००० फेऱ्या मिळतील असे लावावेत. चोक परत आत ढकलल्यावर हे स्क्रू कॅमपासून सुटले पाहिजेत. एअर फिल्टर बसवावेत. मिश्रण फिल्टरसह किंचित रिच होऊ शकते, म्हणून पिनची परीक्षा एकदा पुन्हा घ्यावी.

रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून, इंजिन थंड झाल्यावर प्लग काढावेत. टोकाभोवतीचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा असेल तर उत्तम. काळी कोरडी काजळी म्हणजे रिच, पांढरट कोरडेपणा म्हणजे कमजोर. पहिला-दुसरा प्लग एका रंगाचा आणि तिसरा-चौथा दुसऱ्या रंगाचा दिसला, तर कोणता कार्ब्युरेटर पाहायचा हे आपोआप कळते.

आजच्या पेट्रोलची गोष्ट

या कार्ब्युरेटरची निडल निवडली गेली, तेव्हा पंपावर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल नव्हते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे आहे, आणि भारतात आता वीस टक्क्यांचे ई२० सर्रास मिळते. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे जुन्या बैठकीवर मिश्रण कमजोर पडते. पिनच्या परीक्षेत एक-दोन बाजू खाली आणून मंद गती सुधारते, पण भर वेगात निडलचा दुसरा भाग काम करत असतो. तिथेही प्लग पांढरे दिसू लागले, तर थोडी रिच निडल दोन्ही कार्ब्युरेटरला घालावी. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि सील नासवते, म्हणून पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घ्याव्यात. फ्लोटच्या डब्यापासून जेटपर्यंत जाणारी बारीक नळी आणि तिच्या टोकाचा सील दर सहा महिन्यांनी बोटाने चाचपून पाहावा. बोट ओले झाले, तर गाडी सुरू करू नये. तो सील त्याच दिवशी बदलावा.